बियांपासून कीटकभक्षी : कोथरूडच्या गच्चीवरच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

बिया आल्या. दोन पाकिटं, दोन्ही भारतातल्याच हौशी वाढवणाऱ्यांकडून, एक बंगळुरूहून, एक कोचीहून. परदेशातून बी मागवायचं तर परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यापेक्षा देशातल्या देशात अदलाबदल बरी.

पुड्या पाच. ड्रॉसेरा बर्मानी आणि ड्रॉसेरा इंडिका, म्हणजे आपल्या सड्यांवर, जांभ्याच्या उघड्या पठारांवर, उगवणारे दवबिंदू आणि गवती दवबिंदू. पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारे. ड्रॉसेरा कॅपेन्सिस, हा दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातला. सारासेनिया, उत्तर अमेरिकेतलं, पानांच्या उभ्या नळ्यांत किडे पकडणारं. आणि पान मिटून किडा पकडणारं व्हीनस फ्लायट्रॅप, कारण लेक वर्षभर मागे लागली होती.

तयार रोपं ऑनलाइन मिळतात, मग बियांचा खटाटोप कशाला, हा प्रश्न घरात विचारून झालाय. ती रोपं बहुधा ऊतिसंवर्धनातली असतात, काचेच्या बाटलीत दमट हवेत वाढलेली. ओल्या टिश्यूत गुंडाळून येतात आणि पुण्याच्या कोरड्या हवेत माना टाकतात. बियांतून आलेलं रोप पहिल्या पानापासून इथलीच हवा खातं. निदान माझा तरी असा समज आहे, आणि हे वर्ष तो तपासण्यासाठीच आहे.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरून बी आणलं का, असंही एकाने विचारलं. नाही. ते राखीव वन आहे, तिथून काही उचलायचं नाही. शिवाय तिथले दवबिंदू वर्षायू आहेत. या वर्षी सांडलेलं बी म्हणजेच पुढच्या वर्षीची सगळी झाडं.

१६ जानेवारी

फ्रिजची नोंद. सारासेनियाच्या बीला गारठा भोगल्याशिवाय जाग येत नाही. चार अंशांच्या आसपास, ओलसर, चार ते सहा आठवडे. तिकडे बी पानगळीच्या दिवसांत पडतं, हिवाळाभर ओल्या मातीत राहतं आणि बर्फ सरल्यावर उगवतं. पडल्या पडल्या उगवलं तर कोवळं रोप थंडीत मरेल, म्हणून बीच हिवाळा मोजतं. वर मेणचट कवच, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं आणि भिजत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात रात्रभर ठेवलं, मग धुऊन ओल्या स्फॅग्नम शेवाळात घालून डबीत बंद केलं.

फ्लायट्रॅपला गारठ्याची सक्ती नाही, ताजं बी तसंच उगवतं. पण उबेत ठेवलं की ते लवकर निकामी होतं, म्हणून तेही फ्रिजात, मात्र कोरडं. काळं, चकचकीत, मिलिमीटरभराचं बी.

सासूबाईंनी संध्याकाळी डबी हातात घेतलीच.

"अगं, ही मोहरी इथे कुठे ठेवलीस? फोडणीला घेत होते मी."

"नको आई, ते बी आहे. तो कप्पा तुम्ही राहूच द्या."

"मग वर लिही ना ठसठशीत."

लिहिलं. पेन्सिलीनेच, कारण मार्करची शाई ओलीत उडते आणि मग कुठल्या डबीत काय, हे देवालाच ठाऊक.

२१ जानेवारी

आजचा दिवस पाण्याचा. या झाडांच्या बाबतीत खत, ऊन, कीड हे सगळं नंतर. आधी पाणी. ती वाढतात अशा जागी जिथे जमिनीत नत्र-स्फुरद जवळजवळ नसतंच, म्हणून तर किडे खायची वेळ आली. क्षारांची सवय नसलेली मुळं जड पाण्यात जळतात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण म्हणजे टीडीएस, ते पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मोजतात. वाढवणारे लोक पन्नास पीपीएमच्या आत टीडीएस असलेलं पाणी वापरतात.

मीटर घेऊन घरभर हिंडले. बोअरचं पाणी ६१०. महापालिकेचं नळाचं ८५, म्हणजे खडकवासल्याचं पाणी तसं मऊच. आरओचं मात्र ४८ आलं, आणि मला तर वीसच्या आत हवं होतं. कारण मशिनच्या आत सापडलं: पाण्याला चव राहावी म्हणून आरओमध्ये थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते, त्याचा एक स्क्रू असतो. मिस्त्रीला बोलावून तो बंद करायला लावला. "मॅडम, पाणी कडू लागेल," म्हणाला. झाडं पिणार आहेत म्हटल्यावर त्याने काही न बोलता स्क्रू फिरवला. आता १७. आमच्यासाठी हंडा नळाखाली लागतो.

नळाचं ८५ का चालू नये? एकदा दोनदा चालेल. पण या कुंड्या कायम पाण्याच्या ताटलीत उभ्या असतात. पाणी वरून उडून जातं, क्षार मागे राहतात, पुन्हा भर घातली की पुन्हा थोडे. मे महिन्यात ताटली रोज भरावी लागते, म्हणजे पावसापर्यंत कुंडीत खारट मातीच तयार.

२८ जानेवारी

माध्यम, म्हणजे कुंडीत भरायचं मिश्रण. कॅनडाचं स्फॅग्नम पीट (दलदलीत साठून कुजलेलं शेवाळ) दोन भाग, परलाइट (खडक फुगवून केलेले हलके पांढरे कण) एक भाग. पीटच्या पिशवीवर खत मिसळल्याचा उल्लेख नाही ना, हे बारकाईने वाचून घेतलं. भाजीच्या रोपांसाठीचं पीट बऱ्याचदा खतासकट येतं आणि इथे ते विष आहे. कोकोपीट स्वस्त आणि कोपऱ्यावर मिळतं, पण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. पुन्हा पुन्हा भिजवून, निथळून, शेवटचं पाणी मीटरने तपासून घेतलं तर चालतं असं म्हणतात. सारासेनियाच्या एका कुंडीत तसं करून बघणार आहे.

परलाइटऐवजी वाळू चालते, पण कोणतीही नाही. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत चुनखडीचे कण हमखास असतात. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओतलं, फेस आला की ती बाद. बिल्डिंगच्या कामावरून आणलेल्या वाळूला सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला. फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू गप्प बसली.

खालच्या मजल्यावरचे काका गच्चीवर आले होते. त्यांची वांगी आणि टोमॅटो खरंच बघण्यासारखे आहेत. "थोडं जीवामृत देऊ का? माझ्याकडे उरलंय." शेण-गोमूत्राचं ते खत इथे चालणार नव्हतं, पण त्यांना नाही म्हणणं जिवावर आलं. आठवड्याने आठवणीने पुन्हा विचारतील.

कॅपेन्सिस आज पेरला. केपमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा पुण्याचा जानेवारी त्याला मानवेल असा हिशोब. बी भुकटीसारखं. घडी घातलेल्या कागदावर घेऊन बोटाने टिचक्या मारत पृष्ठभागावर सांडायचं. वर माती अजिबात घालायची नाही, उजेड मिळाला तरच उगवतं. वरून पाणी घातलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जमतं, म्हणून पाणी खालून. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेला पारदर्शक डबा वर पालथा घातला.

१८ फेब्रुवारी

कॅपेन्सिस उगवला. आधी शंका आली की शेवाळंच आहे. घड्याळजीचं भिंग लावून पाहिलं तर दोन बीजपत्रं आणि मधून येणारं पहिलं पान, मिलिमीटरभरसुद्धा नाही, पण त्यावर लाल रोम आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. एवढंसं असताना सापळा तयार. लेक भिंग सोडायला तयार नाही.

२५ फेब्रुवारी

सारासेनिया आणि फ्लायट्रॅप फ्रिजातून काढून पेरले. बर्मानीही पेरला. त्याला जानेवारीच्या रात्री गार पडल्या असत्या, आता उकाडा सुरू झालाय आणि तेच त्याला हवं.

अमेरिकन जोडगोळी मात्र वेळापत्रक चुकवून आलीय असं वाटतं. त्यांच्या गावी मार्च म्हणजे कोवळं ऊन. फ्लायट्रॅपचं तर गावच मुळात केवढंसं: उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीचा तुकडा, विल्मिंग्टन शहराच्या आसपास शंभरेक किलोमीटर. जगात दुसरीकडे कुठलंही ते मूळचं नाही. पुण्याच्या मार्चात गच्चीवर ठेवलं तर भाजेल. म्हणून दोघांना आतल्या खोलीत, दिव्याखाली. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून पांढऱ्या उजेडाची वीस वॅटची एलईडी ट्यूब आणि टायमर आणला. चौदा तास चालू, कुंडीपासून वीतभर उंच. जांभळे 'ग्रो लाइट' दुप्पट किमतीला होते. रोपांना साधा पांढरा चालतो आणि जांभळ्या उजेडात रोपाचा खरा रंग कळत नाही, ते वेगळंच.

१७ मार्च

बर्मानी दाट उगवला. कॅपेन्सिसपेक्षा लवकर, आणि वाढतोयही भराभर. सारासेनियाची बीजपत्रं वर आलीत, बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन. कोकोपीटच्या कुंडीत संख्या कमी आहे, तपकिरी टोकंही दिसतात. पीटला पर्याय नाही, निदान कोवळ्या वयात तरी.

ओल्या पीटवर बारीक काळी चिलटं झालीत. मोठ्या दवबिंदूला ती म्हणजे मेजवानी, पण त्यांच्या अळ्या मातीत राहतात आणि कोवळी मुळं खातात. माती सुकू देणं हा नेहमीचा उपाय इथे बाद. पिवळ्या चिकट पट्ट्या टांगल्या आणि ताटलीच्या पाण्यात बीटीआय घातलं, डासांच्या अळ्यांसाठी वापरतात ते जिवाणूंचं औषध. अळ्यांच्या पोटात जाऊनच काम करतं, झाडाला काही नाही.

डबा उचलणं सुरू केलंय, रोज थोडा जास्त वेळ. सतत बंद ठेवलं की बुरशी येते आणि रोपं बुडाशी लोळतात. एकदम काढलं की सुकतात. या पंधरवड्यात डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

एक आगाऊ प्रकरण. नात्यातल्या एका मुलाने प्रेमाने 'निळ्या फ्लायट्रॅप'च्या बिया भेट पाठवल्या, ऑनलाइन घेतलेल्या. निळा फ्लायट्रॅप नावाचं काही नसतं, चित्र कॉम्प्युटरवर रंगवलेलं असतं. तरी पेरल्या. सब्जाच्या निघाल्या. सरबताला लावल्या.

९ एप्रिल, गुढीपाडवा

इंडिकाच्या पुडीला आजवर हात लावला नव्हता. आता तिचा विषय.

हे झाड सड्यावर पहिल्या पावसांनंतर उगवतं, श्रावण-भाद्रपदात फुलतं, आश्विनात वाळून जातं. मग बी कुठे असतं? जांभ्याच्या कपारीत, धुळीत, आधी थंडीत आणि मग एप्रिल-मेच्या तापलेल्या दगडावर. सारासेनियाचं बी जसं हिवाळा मोजतं तसं हे उन्हाळा मोजत असणार. अवकाळीच्या एका सरीला भुलून मार्चात उगवलं तर आठवड्यात कोळसा. उष्ण कटिबंधातल्या वर्षायू ड्रॉसेरांचं बी कोरड्या उष्णतेनंतर चांगलं येतं, असा वाढवणाऱ्यांचा अनुभव आहे. काही जण ऑस्ट्रेलियन जातींना बी जागं करणारं जिबरेलिक आम्ल लावून हा टप्पा ओलांडतात. माझ्याकडे पुण्याचं ऊन फुकट असताना रसायन कशाला?

पुडीचे दोन भाग केले. एक पत्र्याच्या डबीत घालून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, दिवसभर ऊन लागेल असा. दुसरा कपाटाच्या खणात, सुती रुमालात. दोन्ही कोरडे. दुपारी डबीत थर्मामीटर घातला तर ५४ अंश. बी शिजेल की काय अशी धाकधूक आहेच.

५ मे

पारा चाळिशीला टेकलाय. सोसायटीत टँकर सुरू. त्याचं पाणी मोजायचा मोह झाला, ८७० आलं. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर फेकतं आणि टंचाईत ते डोळ्यांना खुपतं, म्हणून एसीच्या नळीखाली बादली लावली. हवेतली वाफच ती, टीडीएस १२. पहिलं धुळीचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं चालतं.

फ्लायट्रॅपची रोपं निम्मी उरलीत. दिव्याखाली आहेत, पण खोलीच रात्रीसुद्धा तीसच्या खाली येत नाही. उरलेल्यांची पानं दोन मिलिमीटरची, तरी प्रत्येकाला दातेरी सापळा आहे आणि तो मिटतोही. आतल्या केसाला एकदा स्पर्श झाला तर काही नाही, वीसेक सेकंदांत दुसरा झाला की मिटतो. पावसाचा थेंब आणि किडा यांत फरक करायची ही युक्ती. लेकीला सुईने टोचायची सक्त मनाई केलीय, एवढ्याशा रोपाला प्रत्येक मिटणं महाग पडतं.

बर्मानी मजेत. चवलीएवढी चक्रं झालीत, म्हणून आज जेवण: माशांसाठी वाळवलेले रक्तकिडे मिळतात, त्यांची खलबत्त्यात पूड करून ओल्या टूथपिकने पानावर कण ठेवला. बर्मानीच्या कडेचे लांब रोम पाच-दहा सेकंदांत आत वळले. डोळ्यांदेखत. कॅपेन्सिसला त्याच कामाला कितीतरी मिनिटं लागली, मग पान हळूहळू सगळं गुंडाळलं गेलं.

चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात निम्म्याहून जास्त जागा एकट्या ड्रॉसेराला आहे. पण पेरणाऱ्याच्या कामाचा प्रयोग त्याच्या मुलाचा. फ्रान्सिस डार्विनने १८७८ मध्ये दाखवलं की ज्या ड्रॉसेरांना भाजलेल्या मांसाचे कण भरवले त्यांना उपाशी ठेवलेल्यांपेक्षा फुलं आणि बिया बऱ्याच जास्त आल्या. किडा पोटासाठी नाही, वंशासाठी. मला पुढच्या वर्षी वाटण्याइतकं बी हवंय, तेव्हा रक्तकिड्यांची बाटली संपवायला हरकत नाही. सासूबाईंनी खलबत्ता मात्र जप्त केला. "तो आता तुझाच, स्वयंपाकघरात आणू नकोस." रास्त आहे.

८ जून

पाऊस. धो धो, तासाभरात रस्ते भरले. गच्चीवर घमेली, टब, जुनी आंघोळीची बादली, सगळं मांडलं. पहिलं पाणी धुळीचं, २८. अर्ध्या तासाने ७. सगळे कॅन भरले.

इंडिका आज पेरला. दोन सारख्या कुंड्या, एकच पीट, एकच पाणी, एकच जागा. पत्र्याची डबी डावीकडे, कपाटाचा खण उजवीकडे.

३० जून

डावी कुंडी हिरवी झालीय. सुईसारखी उभी पानं, चुकायचा प्रश्नच नाही. उजवीकडे चार-सहा ठिपके. एका कुंडीवरून सिद्धांत मांडत नाही, बी वाटताना डावं-उजवं झालंही असेल. पण पुढच्या वर्षी सगळी पुडी टाकीवर जाणार.

शहरात पालख्या आल्यात. रस्ते बंद, त्यामुळे दुपार गच्चीवर. इंडिकाला पुनर्लागण अजिबात सोसत नाही. दाटी असेल तर रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, नको असलेली कात्रीने बुडाशी कापायची. मन घट्ट करून अर्धी कापली.

२५ जुलै

रात्रभर कोसळतोय. खडकवासल्याचा विसर्ग वाढवला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. ओळखीच्यांपैकी एका कुटुंबाला इकडे आणलंय, घरात आठ माणसं, आज झाडांकडे कोण बघतो.

२८ जुलै

मंडळी आपल्या घरी साफसफाईला गेली. गच्चीवर जाऊन आले. जोरदार पावसाने बर्मानी-इंडिकाचे चिकट थेंब धुऊन गेले होते, आज उघडीप मिळताच पुन्हा आले. नुकसान नाही, झाड पुन्हा तयार करतं. उलट कुंड्यांतले साठलेले क्षार वरून छान धुतले गेले. ज्या पावसाची भीती म्हणून लोक यांच्यावर प्लास्टिक बांधतात, त्यातच ही वाढलीत. छप्पर लागतं ते दिव्याखालच्या पाहुण्यांना.

कॅपेन्सिसला फुलाचा दांडा आलाय, टोकाशी वळलेला, रोज एक कळी. सकाळी ऊन असेल तर जांभळट गुलाबी फूल उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मिटता मिटता स्वतःचंच परागण होतं. ढगाळ दिवशी उघडत नाही, तरी बोंड भरतं.

२२ सप्टेंबर

कासला जाऊन आलो, विसर्जनाची गडबड संपल्यावर. प्रवेशाचं ऑनलाइन आरक्षण आधी करून ठेवलं होतं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, उंची बाराशे मीटरच्या आसपास. २०१२ साली पश्चिम घाटाची जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत हे एक. लोक तेरड्याच्या गुलाबी आणि सीतेच्या आसवांच्या निळ्या गालिच्यांचे फोटो काढत होते. आम्ही तिघी रस्त्याकडेला उकिडव्या बसून दगड बघत होतो. रखवालदाराने दोनदा येऊन पाहिलं, काय हरवलंय.

ती सीतेची आसवंही मांसाहारीच, हे आजूबाजूच्या कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. एवढं नाजूक फूल, आणि खाली चिखलात-पाण्यात त्याच्या बारीक पिशव्या असतात. दाराशी सूक्ष्म जीव आला की पिशवी त्याला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत ओढून घेते. वनस्पतींतली एवढी चपळ हालचाल क्वचितच दुसरी असेल.

दवबिंदू सापडले ते जांभ्यावर पाण्याचा पातळ थर झिरपत होता तिथे. मातीचा थर नखाएवढा. आणि रंग! बर्मानी गर्द लाल, जमिनीला चिकटलेला, माझ्या कुंडीतल्याहून निम्म्या आकाराचा. इंडिका बोटभर, ताठ, चिलटांनी भरलेला. माझा हिरवट, लांब, काठीला टेकलेला. तिथे सावली नाहीच, अडवायला झुडूप नाही, पाणी कायम वाहतं. मी त्यांना कठड्याच्या आडोशाला ठेवलं होतं. पुण्याचं सप्टेंबरचं ऊन त्यांना काहीच नाही, हे तिथे बसल्यावर कळलं.

सासूबाई परत येताना म्हणाल्या, "एवढ्याशा दगडावर उगवतं, आणि तू त्याला कॅनडाची माती घालतेस." उत्तर नव्हतं. सड्याचा दगड आणि पाणी गच्चीवर आणता येत नाही म्हणून कॅनडा, एवढंच.

२३ सप्टेंबर

कुंड्या उघड्या उन्हात हलवल्या.

२० ऑक्टोबर

बर्मानी लाल झाला. इंडिका खालून वाळत चाललाय. काकांनी काळजीने विचारलं, "मेलं का गं?" मेलं, आणि ठरल्याप्रमाणे. त्यांचं जीवामृत या वेळी माझ्या कढीपत्त्याला घेतलं.

बोंडं काळी पडून टोकाशी उकलली की सकाळी, वारा सुटायच्या आत, दांडा कागदावर वाकवून टिचकी मारायची. पांढराच कागद घ्यावा, काळं बी दिसतं तरी. कचरा फुंकून काढायचा नाही, बीही जातं. कागद तिरपा धरला की गोल बी घरंगळतं, कोंडा मागे राहतो. दोन दिवस सावलीत सुकवून बटर पेपरच्या पुड्या. इंडिकाच्या पुडीवर 'टाकी', कॅपेन्सिसच्या पुडीवर 'फ्रिज', बर्मानीच्या पुडीवर 'कुठेही'.

२२ डिसेंबर

रात्री दहा-बारा अंश, दुपारी अठ्ठावीस. मोठ्या फ्लायट्रॅपला आणि सारासेनियाला हिवाळ्यात तीनेक महिने झोप लागते, आणि पुण्याची थंडी म्हणजे जेमतेम डुलकी. पहिल्या वर्षाची रोपं मात्र झोपेशिवाय काढतात, वाढवणारे बरेच जण त्यांना पहिला हिवाळा जागंच ठेवतात. मीही तेच करतेय. सारासेनियाच्या नळ्या आता पेराएवढ्या आहेत, तोंडाशी छोटं झाकण. फ्लायट्रॅपचे सापळे पाच मिलिमीटर. पूर्ण वाढायला आणखी तीन-चार वर्षं. तोवर लेक दहावीला जाईल.

माझं मत आता पक्कं झालंय. फ्लायट्रॅप हवाच असेल तर तयार रोप घ्यावं. बी पेरायचं तर इथल्या ऋतूंवर चालणारं पेरावं.

कॅपेन्सिस या थंडीत तरारलाय. त्याची मुळंही लावून बघितली: जाडसर मूळ दोन बोटं तोडून पीटवर आडवं ठेवलं, वर पातळ थर. कोंब फुटलेत.

१२ जानेवारी २०२५

बर्मानीचं बी आपोआप सांडून सारासेनियाच्या कुंडीत, कॅपेन्सिसच्या ताटलीत, अगदी कठड्यावरच्या शेवाळातही उगवलंय. एवढ्या गारठ्यात उगवेल असं वाटलं नव्हतं. 'कुठेही' बरोबरच लिहिलं.

वाटायला बर्मानी भरपूर आहे, कॅपेन्सिस बऱ्यापैकी, इंडिका मोजकाच. तो जूनपर्यंत टाकीवर राहणार, नंतर देईन. बी फुकट. ज्यांना हवंय त्यांनी आधी आपल्या घरच्या पाण्याचा टीडीएस मोजून कळवावा. मीटर नसेल तर माझा घेऊन जा, पण रविवारी परत हवा.